पत्ता पुण्याचा, खातं अमेरिकेतलं

वाचकाचं पत्र:

"आम्ही १९९९ ते २०११ न्यू जर्सीत होतो. यजमान एच-१बी व्हिसावर नोकरीला, मी एच-४ वर घरी. ग्रीन कार्डाची फाईल पुरी व्हायच्या आतच परत आलो. यजमानांचे ४०१-के मधले, म्हणजे नोकरीतल्या निवृत्ती-फंडातले, पैसे तिकडेच आहेत. आता त्यांना एकसष्टावं चालू आहे आणि पैसे काढायचे आहेत. तो फंड सांभाळणारी कंपनी म्हणते, अमेरिकी बँक खात्यात टाकू, नाहीतर चेक पाठवू. इथली बँक डॉलरचा चेक घ्यायलाच तयार नाही. तिकडचं आमचं जुनं जॉइंट खातं २०१४ नंतर उघडून पाहिलेलं नाही, त्यात दोनेक हजार डॉलर होते. मुलगी २००८ मध्ये तिकडेच जन्मली, अमेरिकी नागरिक आहे, येत्या ऑगस्टला शिकायला तिकडे जाते आहे. आम्ही दोघं मे महिन्यात तीन आठवडे भाचीकडे एडिसनला असू. पुण्यात बसून खातं उघडता येईल का? की भाचीच्याच खात्यात आमचं नाव जोडून घ्यावं? — एक वाचक, कोथरूड, पुणे"

ताई, पुण्यात बसून उघडण्याच्या नादी लागू नका. मे महिन्यात शाखेत जाऊन उघडा. भाचीच्या खात्यात नाव मात्र जोडू नका, ती जोडायला आनंदाने तयार असली तरी. तुमच्या घरात तीन माणसं आहेत आणि अमेरिकी बँकेच्या लेखी ती तीन वेगळ्या जातीची गिऱ्हाइकं आहेत, म्हणून उत्तर जरा लांबणार.

'सोशल सिक्युरिटी नंबर नसेल तर खातं मिळत नाही' हे सगळीकडे ऐकू येतं (तो नंबर म्हणजे अमेरिकी सरकारने दिलेला ओळख क्रमांक). कायदा तसं म्हणत नाही. २००१ च्या पेट्रियट ॲक्टच्या कलम ३२६ खाली जो ओळख-पडताळणीचा नियम आला, तो २००३ पासून लागू आहे. बँकेने चार गोष्टी घ्यायच्या: नाव, जन्मतारीख, राहता पत्ता आणि ओळख क्रमांक. अमेरिकी नसलेल्या माणसाच्या बाबतीत तो क्रमांक पासपोर्टचाही चालतो. म्हणजे तुमचा भारतीय पासपोर्ट कायद्याला पुरेसा आहे. पण कायद्याने 'चालेल' म्हटलं म्हणून बँकेने 'घेऊच' असं नाही. परदेशात राहणाऱ्या गिऱ्हाइकाची पडताळणी बँकेला महाग पडते, जोखीम वाढते, म्हणून बऱ्याच बँकांनी ऑनलाइन अर्जातच हा दरवाजा बंद करून ठेवला आहे. अडतं ते पत्त्यावर.

यजमानांकडे सोशल सिक्युरिटी नंबर आहे, मग ऑनलाइन का होऊ नये, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. नंबर आजन्म असतो. जुन्या कार्डावर 'सरकारी परवानगी असेल तरच कामासाठी ग्राह्य' अशी ओळ छापलेली असली तरी नंबर बाद होत नाही. तरी अर्ज भरायला बसा आणि बघा काय होतं. पत्त्याच्या रकान्यात राज्यांची यादी उघडते, त्यात महाराष्ट्र नाही. झिप कोडात पाचच आकडे मावतात, ४११०३८ चा शेवटचा आठ आत जातच नाही. पत्त्याच्या एका ओळीत फ्लॅट नंबर, विंग आणि सोसायटी इतकंच बसतं, 'गणपती मंदिरासमोर' बाहेर राहतं. पुढे 'तुम्ही अमेरिकेचे नागरिक किंवा रहिवासी आहात का' या प्रश्नाला 'नाही' म्हटलं की पडदा पडतो: 'कृपया शाखेत भेटा.' इथे खूप जण 'हो' वर टिचकी मारतात आणि भाचीचा पत्ता स्वतःचं घर म्हणून टाकतात. तसं करू नका. ठेवींचा विमा असलेल्या बँकेला अर्जात जाणूनबुजून खोटी माहिती देणं हा तिकडे फेडरल गुन्हा आहे. तुरुंगाची गोष्ट सोडा, रोजच्या व्यवहारातला त्रास असा: सहा महिन्यांनी कुठल्या तरी तपासणीत लॉगिन सगळे पुण्यातून येताना दिसतात, बँक खातं बंद करते आणि शिल्लक रकमेचा चेक फाईलवरच्या पत्त्यावर, म्हणजे एडिसनला, धाडून देते. तुम्ही पुन्हा पहिल्या पायरीवर.

घरबसल्या उघडण्याचे काही मार्ग आहेत, ते सांगून टाकतो. एचएसबीसीसारख्या जागतिक बँकेचे भारतातले प्रीमियर ग्राहक इथूनच अमेरिकेतल्या खात्याची विनंती करू शकतात. मात्र त्या दर्जाला ठेवावी लागणारी रक्कम भरघोस असते, एका ४०१-के साठी तेवढं करण्यात अर्थ नाही. सिटी बँकेच्या भारतातल्या शाखेतून तिकडचं खातं उघडायचा सल्ला अजून फिरतो. तो शिळा झाला, त्यांचा इथला किरकोळ व्यवसाय मार्च २०२३ मध्ये ॲक्सिसकडे गेला. स्टेट बँक ऑफ इंडिया, कॅलिफोर्निया ही वेगळी अमेरिकी बँक आहे, कर्वे रोडच्या शाखेतलं पासबुक तिथे वशिला म्हणून चालत नाही. विचारून बघायला हरकत नाही, पण गृहीत धरू नका.

आणि मोबाईलवरची ती चकचकीत ॲपं. 'पाच मिनिटांत अमेरिकी खातं' म्हणणारी बहुतेक मंडळी बँक नसतात. मागे कुठली तरी छोटी बँक असते, मध्ये एखादी हिशेब ठेवणारी कंपनी असते. २०२४ मध्ये सिनॅप्स नावाची अशी मधली कंपनी दिवाळखोरीत गेली. लाखाहून जास्त लोकांचे पैसे अडकले, आणि हिशेबातली तूट साडेसहा ते साडेनऊ कोटी डॉलरच्या आसपास निघाली. एफडीआयसी या सरकारी संस्थेचा अडीच लाख डॉलरचा ठेव-विमा बँक बुडाली तर मिळतो, मधला दलाल बुडाला तर नाही. फ्रीलान्सरने हजार-दोन हजार डॉलर वळते करायला असं ॲप वापरणं ठीक आहे. बारा वर्षांच्या नोकरीची पुंजी तिथे उतरवू नका. (खऱ्या बँकेत हा विमा परदेशी खातेदारालाही तितकाच असतो, नागरिकत्वाशी त्याचा संबंध नाही.)

तर मे महिना. बँक ऑफ अमेरिका, चेस, वेल्स फार्गो यांसारख्या मोठ्या बँकांच्या शाखांत परदेशी रहिवाशाचं खातं उघडलं जातं, पण एका शाखेत 'होईल' आणि दोन मैलांवरच्या दुसऱ्या शाखेत 'नाही होणार' हा अनुभव नेहमीचा आहे. कारण साधं आहे: समोरच्या माणसाने असं खातं आधी उघडलेलं असेल तर त्याला संगणकावरचे पडदे माहीत असतात. एडिसन, इझलिन भागात एक सोय अशी की तिथल्या शाखांना भारतीय पासपोर्ट नवा नाही. एप्रिलमध्येच भाचीला दोन-तीन शाखांत फोन करून नेमकं हे विचारायला सांगा: "बी-२ (पर्यटक) व्हिसावर आलेलं, भारतात राहणारं जोडपं, एकाकडे सोशल सिक्युरिटी नंबर, दुसरीकडे फक्त पासपोर्ट. चेकिंग (रोजच्या व्यवहाराचं) खातं उघडाल का? कुठली कागदपत्रं?" जिथे न अडखळता यादी सांगतील, तिथेच अपॉइंटमेंट घ्या. बी-२ व्हिसावर बँक खातं उघडायला मनाई नाही, ती शंका मनातून काढा.

कागद दोघांचेही वेगवेगळे लागतील: व्हिसासह पासपोर्ट, फोटो असलेलं दुसरं ओळखपत्र (भारतीय ड्रायव्हिंग लायसन्स इंग्रजीत असेल तर बहुधा चालतं), भारतातल्या पत्त्याचा पुरावा, पॅन, आणि यजमानांचं सोशल सिक्युरिटी कार्ड किंवा नंबर असलेला जुना डब्ल्यू-२ (पगार आणि कराचा वार्षिक दाखला). पत्त्याच्या पुराव्यात आपल्याकडची खोच आहे. महावितरणचं बिल सासऱ्यांच्या नावावर आणि मराठीत, सोसायटीच्या मेंटेनन्सची पावती हाताने लिहिलेली, गॅसचं पुस्तक तिसऱ्याच नावावर. यातलं काही चालणार नाही. इथल्या बँकेचं दोघांची नावं असलेलं, शिक्क्याचं इंग्रजी स्टेटमेंट घ्या, गेल्या दोन महिन्यांतलं.

आता तुमची नावं. हे कंटाळवाणं वाटेल, पण निम्मे अर्ज इथे अडकतात. आपल्या पासपोर्टवर पाळण्यातलं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकाच रकान्यात असतं, आडनाव वेगळं. सोशल सिक्युरिटी कार्डावर १९९९ च्या बाबूने मधलं नाव गाळलेलं असू शकतं. इथल्या बँकेत फक्त आद्याक्षर. ४०१-के वर चौथंच काही. माणसाला कळतं की हा एकच माणूस, संगणकाला कळत नाही. तिकडच्या खात्यावर पासपोर्टाबरहुकूम नाव घ्या, आणि त्याआधी ४०१-के च्या कंपनीला फोन करून त्यांच्याकडे काय नाव आहे ते अक्षर-न्-अक्षर विचारून ठेवा. फरक असेल तर आधी तिकडे दुरुस्त करा. पैसे पाठवताना ते खातेदाराचं नाव जुळवून बघतात, न जुळल्यास रक्कम परत फिरते. तारखाही तिकडच्या पद्धतीने: आधी महिना, मग दिवस. ४ जुलै हा त्यांचा ०७/०४. जन्मतारीख उलटी पडली तर दुरुस्तीला पुन्हा शाखा गाठावी लागते.

पत्त्याचे दोन रकाने असतात, ते नीट समजून घ्या. राहता पत्ता: कोथरूड. पत्रव्यवहाराचा पत्ता: भाचीचं घर. हे पूर्ण कायदेशीर आहे, काही बँका तर दोन्ही मागतातच. भाड्याने मिळणारी टपालपेटी राहता पत्ता म्हणून देऊ नका. अशा पेट्यांचे पत्ते टपाल खात्याच्या यादीत व्यापारी म्हणून नोंदलेले असतात आणि बँकेच्या संगणकाला ते दिसतात. भाचीलाही एक सांगून ठेवा: बँकेची कार्डाची पाकिटं सहसा दुसऱ्या पत्त्यावर पुढे धाडली जात नाहीत. ती घर बदलणार असेल तर आधी बँकेत पत्ता बदलायचा, टपाल खात्याच्या भरवशावर राहायचं नाही.

फोन नंबर हा यातला सर्वांत दुर्लक्षित भाग. खातं उघडायला लागतो तो एकदा, पण ओटीपीसाठी जन्मभर. इंटरनेटवरचे फुकट नंबर बऱ्याच बँका ओळखतात आणि नाकारतात. पहिल्याच दिवशी खऱ्या मोबाईल कंपनीचं प्रीपेड ई-सिम घ्या. महिना पाच-दहा डॉलरचे प्लॅन मिळतात. तिथे असतानाच 'वाय-फाय कॉलिंग' चालू करून घ्या, कारण ते पहिल्यांदा चालू करताना अमेरिकेतला पत्ता नोंदवावा लागतो आणि पुण्यातून ते बरेचदा होत नाही. ते चालू असलं की घरच्या वाय-फायवर त्या नंबरचे एसएमएस इथे येऊ शकतात. सगळेच प्लॅन हे देत नाहीत, घेण्याआधी विचारा. बँकेचं ॲपही तिथेच उतरवून घ्या, अनेक अमेरिकी बँकांची ॲपं भारतातल्या ॲप-दुकानात दिसतच नाहीत.

तीन आठवडे भरपूर वाटतात, पण पहिल्या तीन दिवसांत शाखेत गेलात तरच पुरतात. डेबिट कार्ड टपालाने यायला सात ते दहा कामाचे दिवस लागतात. ते आल्यावर एकदा एटीएममध्ये चालवून बघायचं, लॉगिन लावायचं, ४०१-के शी खातं जोडायचं आणि हे सगळं तिथल्या फोनवर तिथल्या इंटरनेटवरून झालेलं हवं, म्हणजे बँकेला तुमचा फोन ओळखीचा होतो. मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी मेमोरियल डे असतो, बँका बंद. फिरणं दुसऱ्या आठवड्यात ठेवा.

खातं साधं चेकिंग घ्या. मोठ्या बँका महिन्याला साधारण १० ते १५ डॉलर शुल्क लावतात, ठरावीक शिल्लक ठेवली की माफ. ती शिल्लक किती, हे विचारल्याशिवाय सही करू नका. ओव्हरड्राफ्टला 'नको' म्हणा, नाहीतर शुल्कानेच खातं उणे होतं आणि पुढचं शुल्क त्या उण्यावर चढतं. सुरुवातीला दोन-तीनशे डॉलर रोख भरले तरी पुरे. इथून जास्त पाठवायचे झाले तर एलआरएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली माणशी, आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे आणि १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला दहा लाख रुपयांच्या वर गेलात तर टीसीएस, म्हणजे बँकेने आगाऊ घ्यायचा कर, कापला जातो. तुम्हाला त्या वाटेला जायची गरज दिसत नाही.

आता टेबलावरचा तो क्षण, ज्याच्यासाठी हे उत्तर मुख्यतः लिहिलं आहे. बँकर यजमानांचा सोशल सिक्युरिटी नंबर टाकतो, आणि पडद्यावर आपोआप डब्ल्यू-९ हा कर-फॉर्म येतो. तो पडदा तुमच्याकडे वळवून म्हणतो, "साइन हिअर." डब्ल्यू-९ वर सही म्हणजे 'मी अमेरिकेचा नागरिक किंवा करदृष्ट्या तिथला रहिवासी आहे' असं शपथेवर सांगणं. तुम्ही दोघंही ते नाही. तुमचा फॉर्म डब्ल्यू-८बेन, म्हणजे परदेशी खातेदाराचा, दोघांचा स्वतंत्र. सोशल सिक्युरिटी नंबर असणं आणि अमेरिकी करदाता असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तरुण बँकरला ठाऊक नसू शकतं. शांतपणे सांगा: "वुई आर नॉन-रेसिडेंट एलियन्स, डब्ल्यू-८बेन प्लीज." लागलं तर त्याला मॅनेजरला बोलवू दे.

डब्ल्यू-८बेन मध्ये ओळ ३ वर कोथरूडचा पत्ता, तिथे टपालपेटी किंवा 'केअर ऑफ' चालत नाही. ओळ ४ वर भाचीचा पत्ता टाकलात तर बँक खुलासा मागू शकते, कारण परदेशी म्हणवणाऱ्याचा अमेरिकी पत्ता हे तपासणीत वर येतं. पासपोर्टची प्रत आणि दोन ओळींचं पत्र पुरतं. ओळ ५ वर यजमानांचा सोशल सिक्युरिटी नंबर, ओळ ६ वर पॅन. तुमचा स्वतःचा एच-४ च्या काळातला आयटीआयएन (सोशल सिक्युरिटी नंबर नसलेल्यांचा कर-क्रमांक), ९ ने सुरू होणारा, बहुधा संपलेला आहे: सलग तीन वर्षं टॅक्स रिटर्नवर वापरला नाही की तो मुदतबाह्य होतो. खात्यासाठी त्याचं नूतनीकरण करायची गरज नाही, पासपोर्ट क्रमांकावर होतं. फॉर्मची मुदत सहीच्या वर्षानंतरच्या तिसऱ्या वर्षअखेरपर्यंत. २०२६ मध्ये सही केलीत तर ३१ डिसेंबर २०२९. बँकेची आठवण आली नाही तरी नवा भरा, नाहीतर व्याजातून २४ टक्के कापून घेतले जातात. फॉर्म बरोबर असेल तर बँक ठेवीच्या व्याजावर तुम्हाला अमेरिकेत करच नाही.

एक पोटप्रश्न इतर वाचकांसाठी. ग्रीन कार्ड मिळालं होतं आणि ते नुसतंच मुदत संपून कपाटात पडलं आहे, अशांनी डब्ल्यू-८बेन भरू नये. कार्ड संपल्याने कर-रहिवास संपत नाही. आय-४०७ हा फॉर्म भरून ते रीतसर परत केलेलं असावं लागतं. तसं झालं नसेल तर आधी जाणकार गाठा, खातं नंतर.

भाचीच्या खात्यात नाव का नको? पहिलं कारण व्यवहाराचं: ४०१-के ज्याचं आहे तो स्वतः खातेदार असलेल्याच खात्यात कंपनी पैसे टाकते, त्यामुळे यजमानांचं नाव लावावं लागेल, आणि त्यासाठी त्यांची ओळख-पडताळणी नव्या खात्याइतकीच होते. वाचलं काहीच नाही. दुसरं करांचं: जॉइंट खात्यात एकाने जरी डब्ल्यू-९ दिला असेल तर सगळं व्याज अमेरिकी माणसाचं धरलं जातं, म्हणजे तुमच्या पैशाचं व्याज तिच्या रिटर्नवर. तिसरं नको बोलायला, पण बोलतो: तिच्यावर कधी कर्जाची वसुली आली, घटस्फोट झाला, तर ते पैसे तिचेच समजले जातात आणि तुमचे आहेत हे तुम्हाला सिद्ध करत बसावं लागतं. भाची सोन्यासारखी असेल. तिला या अवघड जागी बसवू नका. त्याच कारणाने मुलीलाही तुमच्या खात्यात घेऊ नका. शिवाय ती अमेरिकी नागरिक असल्याने फॅफ्सा हा सरकारी अर्ज भरून शिक्षणासाठी मदत मागू शकते, आणि त्या हिशेबात विद्यार्थ्याच्या नावावरच्या पैशातला पाचवा हिस्सा दर वर्षी 'खर्चायला उपलब्ध' धरतात. तुमच्या पश्चात पैसे तिला मिळावेत म्हणून वेगळी सोय आहे: 'पेएबल ऑन डेथ' म्हणजे आपल्या नॉमिनीसारखी नोंद. त्याच टेबलावर, त्याच दिवशी करून घ्या.

खातं झालं की ४०१-के. दोन आकडे लागतील: नऊ आकडी राउटिंग नंबर (बँकेची ओळख) आणि खाते क्रमांक. काही बँकांचा एसीएचचा (बँकांमधल्या नेहमीच्या हस्तांतराचा) राउटिंग नंबर वेगळा आणि वायरचा (थेट एकेक रक्कम पाठवण्याचा) वेगळा असतो. ४०१-के च्या फॉर्मवर एसीएचचा द्यायचा. कंपनी आधी एक डॉलरहून कमी अशा दोन चिमुकल्या रकमा टाकून पाहते. त्या दिसायला एक ते तीन कामाचे दिवस लागतात, मग तेच आकडे त्यांच्या संकेतस्थळावर भरून खातं पक्कं करायचं. नवीन जोडलेल्या खात्यावर काही कंपन्या आठ-दहा दिवस पैसे सोडत नाहीत, हे धरून चाला. यजमानांनी साडेएकोणसाठ ओलांडली आहेत, त्यामुळे लवकर काढल्याचा १० टक्क्यांचा दंड नाही. पण परदेशी रहिवासी म्हणून ३० टक्के कापून पैसे देणं हा कंपनीचा नेहमीचा रिवाज. भारत-अमेरिका करारातलं पेन्शनचं कलम लावून घ्यायचं असेल तर त्यांनाही वेगळा डब्ल्यू-८बेन, करार नमूद करून, पैसे काढायच्या आधी द्यावा लागतो. एकरकमी रकमेला ते कलम लागतं का यावर मतभेद आहेत, म्हणून दोन्ही देशांचं कळणाऱ्या सीएला आधी दाखवा. कापून गेलेले मागायला मग १०४०-एनआर, म्हणजे परदेशी रहिवाशाचं अमेरिकी रिटर्न, भरत बसावं लागतं.

हे सगळं करण्याआधी एक फोन मात्र आजच करा. कंपनीला विचारा: "भारतातल्या बँकेत आंतरराष्ट्रीय वायर कराल का?" ग्राहक सेवेतला पहिला माणूस चेकचंच सांगतो, निवृत्तिवेतन विभागाकडे जोडून मागा. 'हो' म्हणाले तर इथल्या बँकेत आरएफसी, म्हणजे रेसिडेंट फॉरेन करन्सी खातं उघडता येतं. परत आलेल्या माणसासाठीचं हे डॉलरमधलं खातं, परदेशी मालकाकडून मिळालेले निवृत्तीचे पैसे त्यात ठेवता येतात. मग तुम्हाला दोघांना अमेरिकेतलं खातं लागणारच नाही. परदेशात असताना कमावलेली मालमत्ता तिकडेच ठेवायलाही फेमा या परकीय चलन कायद्याच्या कलम ६(४) ची मोकळीक आहे, तेव्हा दोन्ही रस्ते खुले.

इथल्या रिटर्नमध्ये ते खातं दाखवावं लागेल, शून्य व्याज असलं तरी. आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ मध्ये शेड्यूल एफए (परदेशी मालमत्तेचा तक्ता): खाते क्रमांक, उघडल्याची तारीख, वर्षातली सर्वांत जास्त शिल्लक, अखेरची शिल्लक. वर्ष इथे जानेवारी ते डिसेंबर धरायचं, एप्रिल ते मार्च नाही. ४०१-के सुद्धा त्याच शेड्यूलमध्ये येतं, आणि पत्रावरून वाटतं की ते आजवर दाखवलेलं नसावं. २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली न दाखवल्याचा दंड दहा लाख रुपये आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून, स्थावर सोडून परदेशातली एकूण मालमत्ता वीस लाखांच्या आत असेल तर तो लागत नाही. बारा वर्षांचं ४०१-के वीस लाखांच्या आत असेल असं वाटत नाही. खात्याआधी या विषयावर सीएकडे जा.

मुलीचं काम सर्वांत सोपं. अठरा पूर्ण झाल्यावर कॉलेजच्या पत्त्यावर, अमेरिकी पासपोर्ट आणि सोशल सिक्युरिटी नंबरवर, बिनशुल्काचं विद्यार्थी खातं. तिचा फॉर्म डब्ल्यू-९. लहानपणीचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, संपला असेल तर मुंबईच्या वकिलातीत आत्ताच वेळ घ्या, अमेरिकेत तिला अमेरिकी पासपोर्टवरच शिरायचं आहे. मात्र तिच्या नावावर इथे जे काही आहे, बँक खातं, मुदत ठेव, आजीने जॉइंट नाव घातलेली ठेवसुद्धा, त्या सगळ्याची बेरीज वर्षात एका दिवसासाठी जरी दहा हजार डॉलरवर गेली असेल तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा अमेरिकी फॉर्म, भरणं तिला बंधनकारक होतं, ती इथे राहत असली तरी. मागचे राहिले असतील तर कारण लिहून उशिरा भरायची सोय आहे.

राहिलं ते जुनं खातं. खातेदाराची हालचाल नसेल तर बहुतेक राज्यांत तीन ते पाच वर्षांत बँक ते पैसे राज्य सरकारकडे जमा करते. नुसतं व्याज पडत राहणं ही हालचाल धरत नाहीत. (नव्या खात्यातही म्हणूनच दोन-तीन महिन्यांनी लॉगिन करा आणि वर्षातून एकदा पाच-दहा डॉलर इकडचे तिकडे करा.) तुमचे पैसे बुडालेले नाहीत. न्यू जर्सीच्या 'अनक्लेम्ड प्रॉपर्टी' विभागाच्या संकेतस्थळावर नावाच्या सगळ्या स्पेलिंगांनी शोधा, तुमचं वेगळं, यजमानांचं वेगळं. दावा फुकट असतो. 'आम्ही मिळवून देतो' म्हणणाऱ्यांना टक्केवारी देऊ नका. त्या खात्याचं जुनं एखादं स्टेटमेंट, त्यावर तेव्हाचा पत्ता असलेलं, माळ्यावरच्या ट्रंकेत असेल तर काढून ठेवा, पुरावा म्हणून तेच मागतील. पण दावा नवं खातं उघडल्यानंतरच टाका. राज्य सरकार पैसे परत करतं ते बहुधा चेकने.